युरियाची चुंगडी, नॅनोची बाटली आणि खारं पाणी

"भाऊ, आमचं वावर दर्यापूर तालुक्यात. आठ एकर, कोरडवाहू. पराटी, तूर अन् पाणी बरं पडलं तं रब्बीत चना. औंदा कृषी केंद्रात युरिया आणाले गेली तं दुकानदार म्हणे, दोन चुंगड्यांवर नॅनोची एक बाटली घ्याच लागते, नाही तं युरिया भेटत नाही. म्हणे एक बाटली एका चुंगडीबराबर. सासरे म्हणतात निसतं पाणी हाय. लेक अमरावतीले बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले हाय, थे म्हणते नॅनो खरी विद्या हाय, आजोबाले काय समजते. त्यात मागच्या हप्त्यात एक एजंट आला. नॅनो चांदीचा फिल्टर, चौदा हजाराले, खारं पाणी गोड करते म्हणे. हे नॅनो हाय तरी काय? बाटली मारू का? फिल्टर घेऊ का? अन् पोरीले नॅनोतच पुढं शिकाचं हाय, शिकवू का?"
— एक कास्तकार बाई, दर्यापूर तालुका

ताई, तुमच्या घरात नॅनोवरून दोन पक्ष पडलेत आणि दोन्ही पक्ष बरोबर आहेत. विद्या खरी आहे. आणि त्या बाटलीत बहुतेक पाणीच आहे. आजोबा आणि नात भांडतायत ते दोन वेगळ्या गोष्टींवरून, म्हणून दोन्ही वेगळ्या करून सांगतो.

आधी विद्या. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी 7-8 हजार नॅनोमीटरची. 1 ते 100 नॅनोमीटरच्या आसपास मापाचे कण बनवायचे आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, एवढाच या विद्येचा पसारा. एवढ्या खाली जागा भरपूर पडलेली आहे, असं रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1959 साली एका भाषणात सांगितलं. 1974 मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी या विद्येला आजचं नाव दिलं आणि 1981 मध्ये झुरिचच्या प्रयोगशाळेत एकेक अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक तयार झाला. त्याबद्दल 1986 चं नोबेल मिळालं. इतिहास इतकाच पुरे.

खरी गोम आहे ती बारीक केल्याने होतं काय, यात. गुळाची भेली पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो, तोच गूळ किसून टाकला तर लगेच विरघळतो. गूळ तेवढाच, पण पाण्याला लागणारं अंग वाढलं. आता हेच टोकाला न्या. एक सेंटीमीटर लांब, रुंद, उंच असा एक ठोकळा घ्या. त्याचं सगळं बाहेरचं अंग मिळून 6 चौरस सेंटीमीटर. त्याचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले तर त्या सगळ्या तुकड्यांचं अंग मिळून 6000 चौरस मीटर होतं. तुमच्या हिशेबात जवळजवळ दीड एकर! चिमटीत मावणाऱ्या ठोकळ्यातून दीड एकर बाहेर पडलं. पण वजन? ते पहिल्याइतकंच. एक गुंजही वाढलं नाही.

म्हणून कोणी नॅनो म्हणून काही विकायला आलं की मी एकच विचारतो: हे काम अंगाने होणारं आहे की वजनाने? जंतू मारणं, खूण दाखवणं, एखादी रासायनिक क्रिया घडवणं ही अंगाची कामं. तिथे चिमूटभर माल पुरतो आणि तिथेच ही विद्या चमत्कार वाटावा असं काम करते. पोट भरणं हे वजनाचं काम आहे, मग पोट माणसाचं असो की पराटीचं.

अंगाने होणाऱ्या कामाचा नमुना तुमच्या गावातल्या आशाताईंच्या पिशवीत आहे. गर्भचाचणीची ती पट्टी असते ना, जिच्यावर लाल रेघ उमटते, ती रेघ सोन्याची असते. सोनं एरवी पिवळं, पण काही दहा-वीस नॅनोमीटरचे कण केले की पाण्यात लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच असं लाल सोनं बनवून त्याचा अभ्यास केला होता. गडचिरोलीत आशाताई बोटाला टोचून मलेरियाची पट्टी पाहतात, कोविडात नाकातली पट्टी पाहिली, त्याही बहुतेक याच तत्त्वाच्या. पट्टीवर सोनं इतकं थोडं असतं की ती फुकट वाटता येते.

दवाखान्यातलाही एक दाखला देतो. 2021 मध्ये कोविडानंतर काळ्या बुरशीने माणसं हैराण झाली होती, आठवत असेल. त्यावर अ‍ॅम्फोटेरिसिन नावाचं जुनं औषध आहे, पण ते नुसतं दिलं तर मूत्रपिंडाला झोंबतं. म्हणून ते चरबीच्या 100 नॅनोमीटरहून लहान पुड्यांत भरून देतात, मग मूत्रपिंडाला त्रास कमी होतो. त्या वेळी देशभर या इंजेक्शनांसाठी धावाधाव चालली होती. याच औषधाचं इमल्शन, म्हणजे स्निग्ध द्रवात घोळवलेलं इंजेक्शन, मे महिन्याच्या शेवटी आपल्या वर्ध्यातल्या एका कारखान्यात बनायला लागलं होतं.

आता बाटली.

इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने नॅनो युरिया मे 2021 मध्ये बाजारात आणला. अर्ध्या लिटरची बाटली, नत्र (नायट्रोजन) 4 टक्के, आणि सांगणं हे की एक बाटली 45 किलोच्या एका बॅगेचं काम करते. बाटलीवरच्या टक्क्याला पाचने गुणलं की अर्ध्या लिटरमधलं नत्र ग्रॅममध्ये निघतं. 4 टक्के म्हणजे 20 ग्रॅम. तुमच्या युरियाच्या चुंगडीत नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोत 20 किलो 700 ग्रॅम. इकडे 20 ग्रॅम, तिकडे 20 किलो. हजारपटीचा फरक आहे ताई. पुढे 'प्लस' म्हणून जास्त टक्क्याची बाटली आली. तिच्यावर 20 टक्के छापलेलं असलं तरी होतात 100 ग्रॅम.

कंपनीची बाजूही ऐकू. ते म्हणतात, जमिनीत टाकलेल्या युरियाचा अर्ध्याहून जास्त नत्र वाया जातो, काही वाफ होऊन उडतो, काही पाण्याबरोबर खाली जातो. हे खरं आहे. समजा चुंगडीतला तीस टक्केच नत्र पिकाला लागला. तरी ते झालं सहा किलो. आणि बाटलीतला शंभर टक्के पानात गेला, एक थेंब वाया गेला नाही असं धरलं, तरी 20 ग्रॅमच. एक किलो गव्हाच्या दाण्यात साधारण एवढा नत्र असतो. एक किलो गव्हाचा नत्र देऊन एकराचं पीक पोसायचं म्हणजे अवघड आहे.

दुसरं सांगणं असं की कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, म्हणून पानात पटकन शिरतात. इथे मला हसू येतं. साधा युरिया पाण्यात विरघळला की त्याचा एकेक रेणू सुटा होतो आणि तो रेणू एक नॅनोमीटरहूनही लहान असतो. म्हणजे तुमच्या पंपातला साधा युरिया या नॅनो युरियापेक्षाही बारीक! तो पानातून आत जातो हे कास्तकाराला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, म्हणून तर आपण 2 टक्क्यांची फवारणी करतो.

त्याचाच हिशेब मांडू. 15 लिटरच्या पंपाला 2 टक्के म्हणजे 300 ग्रॅम युरिया. त्यात नत्र 138 ग्रॅम. चार टक्क्यांच्या जवळजवळ सात बाटल्यांचा नत्र एका पंपात. चुंगडी 266 रुपये 50 पैशांची, तर 300 ग्रॅमची किंमत दोन रुपयांच्या आत. सात बाटल्या 225 च्या भावाने झाल्या पंधराशे रुपयांच्या वर. चुंगडीवर सरकारची सबसिडी आहे म्हणून ती इतकी स्वस्त, हे मान्य. पण तुमच्या खिशाला तो भेद कळत नाही.

हे माझं एकट्याचं आकडेमोडीचं भांडण नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं वावरात प्रयोग केले. शिफारशीच्या अर्ध्या नत्राऐवजी नॅनो युरियाच्या फवारण्या दिल्या, तर पूर्ण शिफारशीच्या मात्रेच्या तुलनेत धान सुमारे 13 टक्के आणि गहू 21.6 टक्के कमी आला. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये एका नामांकित नियतकालिकात या बाटलीच्या दाव्यांना विज्ञानाचा आधार नाही असं उघड लिहिलं. इफ्को मात्र आपल्या चाचण्यांत सरासरी 8 टक्के उत्पादन वाढलं असं सांगते. दोन्हीकडचं तुमच्यापुढे ठेवलं. माझं मत विचाराल तर बाटलीसाठी चुंगडी कमी करू नका. नॅनो डीएपीलाही हीच फूटपट्टी लावा: 500 मिलीत 16 टक्के स्फुरद म्हणजे 80 ग्रॅम, आणि 50 किलोच्या डीएपीच्या बॅगेत 23 किलो.

दुकानदाराने बाटली गळ्यात मारलीच असेल तर फेकू नका. खताची मात्रा जशी आहे तशी देऊन, वरून एक जादा फवारा म्हणून पात्या लागायच्या वेळी मारून टाका. नुकसान नाही. पण सगळ्या वावरात मारू नका. पराटीच्या आठ ओळींत बाटली, शेजारच्या आठ ओळींत 2 टक्के साधा युरिया, त्याच्या शेजारच्या आठात नुसतं पाणी. वेचणीला तिन्हीचा कापूस वेगळा तोला. तुमच्या वावरातला तो आकडा माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा वजनदार.

साध्या युरियाचा फवारा करताना काही पथ्यं आहेत. 2 टक्क्यांच्या वर जाऊ नका, पानं करपतात. भर उन्हात नको, आणि जमिनीत ओल नसताना तर नकोच, तहानलेल्या झाडाला खाऊ घालून उपयोग नाही. युरियाला निंबोळी तेलाचं आवरण असतं, म्हणून द्रावण फडक्यातून गाळून घ्या, नाही तर नोझल तुंबतं. आणि एका फेरीत दोन कामं होतील म्हणून यात कीटकनाशक मिसळायचा मोह होतो. कृषी विद्यापीठाने सांगितलेलं मिश्रण असेल तरच मिसळा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत वीसहून जास्त माणसं गेली. त्यात मालकापेक्षा मजूर किती होते ते आपल्याकडे कोणी लवकर विसरू नये. तोंडाला कापड, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, नॅनोची बाटली असली तरी हेच.

तुरीला आणि चन्याला तर नत्राची हाव धरूच नका. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः ओढतात. पेरताना बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठी करणारे जिवाणू, चोळा.

एकावर एक घ्यायला लावणं, ज्याला दुकानात लिंकिंग म्हणतात, ते करू नका असं केंद्राने आणि राज्यानेही बजावलेलं आहे. तुम्ही पक्की पावती मागा, युरियाची आणि बाटलीची वेगळी. पावती मागितली की पुष्कळदा बाटली आपोआप गळून पडते. तरी अडवलं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तारीख आणि दुकानाचं नाव घालून, आणि पोच घ्या. दुकानदारावर मात्र सगळा राग काढू नका. त्यालाही वरून माल घेताना बरेचदा असंच जोडून दिलेलं असतं, तो तुमच्याकडे ढकलतो. एकट्या बाईची तक्रार बाजूला पडते, बचत गटातल्या पाच-सहा जणी मिळून जा.

आणि हो, आजकाल पंधरा नावांच्या बाटल्यांवर 'नॅनो' छापलेलं दिसतं, नॅनो झिंक, नॅनो टॉनिक. बाटली उलटी करून वाचा. खत असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 चा उल्लेख, कीटकनाशक असेल तर नोंदणी क्रमांक. दोन्ही नसेल तर परत ठेवून द्या.

फिल्टरचं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. चांदीचे नॅनो कण जंतू मारतात, हे शंभर टक्के खरं. अंगाने होणारं काम आहे ते. 2009 मध्ये टाटांनी भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी वापरून बिनविजेचा फिल्टर काढला होता, तोही हजार रुपयांच्या आत. भंडारा-गोंदियात जे तूस भट्टीत जळतं, त्याच तुसाची राख! पण तुमचं दुखणं जंतूंचं नाही, क्षारांचं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा हा पट्टा खारा, मीठ पाण्यात पार विरघळलेलं. चांदीचा आणि मिठाचा काही संबंध नाही. चांदीतून गेलेलं खारं पाणी खारंच राहणार, फक्त जंतू मेलेले. मीठ अडवायला आरओ लागतो. गंमत म्हणजे खरं नॅनोचं काम तिथे आहे: आरओच्या पडद्याचा जो थर मीठ अडवतो तो शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीचा असतो. नॅनोफिल्टर नावाचे पडदेही येतात. ते जडपणा चांगला काढतात, साधं मीठ मात्र बरंचसं सोडून देतात, म्हणून खारपाणपट्ट्यात त्यांच्यावरही विसंबू नका. आरओचा तोटा असा की एक लिटर चांगलं पाणी मिळवायला दोन-तीन लिटर वाया जातं, ते भांडी-सडा यांना वापरा.

एजंट पुन्हा आला तर त्याच्यासमोर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, धरा. काहीशे रुपयांत मिळतो, ग्रामपंचायतीत किंवा शाळेतही असेल. फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजा. पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालतात, असं भारतीय मानक आहे. आकडा हलला नाही तर एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. काही जण विजेच्या दांड्या पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात, पाहा किती घाण! तो गंज दांड्यांच्या लोखंडाचा असतो, तुमच्या पाण्याचा नाही. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात तेच होईल. पाण्याचा खरा रिपोर्ट हवा तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

राहिली लेक. तिला अडवू नका, पण 'नॅनो' असं नाव टाकून भारी फी घेणाऱ्या छोट्या-मोठ्या सर्टिफिकेट कोर्सांच्या नादी लागू देऊ नका. या विद्येत शिरायचा रस्ता रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या पक्क्या एमएस्सीतून जातो. मद्रास आयआयटीतले टी. प्रदीप रसायनशास्त्राचेच. त्यांनी पाण्यातली कीटकनाशकं आणि आर्सेनिक काढणारे नॅनो पदार्थ शोधले, 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. कापसाच्या घरातल्या पोरीला आवडेल असं कामही देशात चालू आहे: मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, तिथे 2015 पासून सरकीवरच्या लवेतून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा छोटा कारखाना चालतो. कागद आणि प्लास्टिक मजबूत करायला ते वापरतात. संस्थेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. सुट्टीत तिला ते पाहून येऊ द्या.

आयआयटीत एमएस्सीला जायचं असेल तर जॅम नावाची परीक्षा असते, दरवर्षी फेब्रुवारीत. अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला भरतात. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तिसरं वर्ष सुरू झाल्यावर अर्ज भरायचा. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्या या उन्हाळ्यापासून सोडवायला लागू द्या, आणि गणिताचा सराव सुटला असेल तर तो आधी पक्का करून घ्या.